माहो बीचवर डोक्यावरून जाणारं विमान : कुणी प्रत्यक्ष पाहिलंय काय?

सांबरेकर_०८

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, खरं त्यामागची गोष्ट जरा लांब आहे.

आमची धाकटी सातवीत आहे. गेल्या महिनाभरात तिने एकच व्हिडिओ किती वेळा बघितला असेल देव जाणे. कॅरिबियन समुद्रातलं सिंट मार्टेन बेट, तिथला माहो बीच, आणि पाण्यात उभ्या असलेल्या माणसांच्या डोक्यावरून चाकं काढून खाली येणारं विमान. वाळू संपते, मध्ये एक रस्ता, रस्त्यापलीकडे जाळीचं कुंपण आणि कुंपणाच्या आत लगेच धावपट्टी. "बाबा, आपण जाऊया की," एवढंच तिचं चाललंय.

तिला नाही म्हणताना मला जड जातं, कारण हे वेड माझ्याकडूनच गेलंय. माझ्या मामाचं शेत बेळगावजवळच्या सांबऱ्याला, तिथल्या विमानतळाच्या धावपट्टीच्या शहराकडच्या अंगाला. सुट्टीत आम्ही सगळी पोरं तिथेच. तेव्हा विमानं मोजकी. कधी हवाई दलाचं, कधी कुणी मंत्री आला तर त्याचं. भुईमुगाच्या शेंगा काढायला मामी वाकलेली असायची, तिला आमच्या आधी आवाज कळायचा. "विमान येऊलालंय रे, बैल धर!" अशी ती ओरडायची. मी सर्जाची वेसण धरून उभा. पोटाखालून विमान बघायला मिळायचं ते तसं. चाकांच्या आतली काळी पोकळीसुद्धा दिसायची. सर्जा कान मागे टाकून थरथरायचा आणि त्याची थरथर वेसणीतून माझ्या हातात यायची.

तर विचारायचं ते असं. माहोला कुणी खरंच गेलंय काय? व्हिडिओत दिसतं तेवढं ते जवळ असतं काय? लेकराला घेऊन उभं राहण्यासारखी जागा आहे काय? आणि एवढा लांबचा प्रवास जमणार नसेल तर जवळपास कुठे असं बघायला मिळेल?

चिंच_गूळ

मामीचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. आमच्या मुतग्यात पण असंच. वाचनखूण साठवली आहे, माहिती येऊ दे.

शहापूरची_सून

मी स्पष्ट लिहिते, राग मानू नका. मला हा प्रकार आवडत नाही. त्या कुंपणाला लोंबकळणारी माणसं मीही बघितली आहेत. विमान सुटताना मागून येणाऱ्या झोताने माणसं उडतात आणि बाकीचे हसतात. २०१७ च्या जुलैत तिथे एका पर्यटक बाईचा जीव गेला. त्या कुंपणाशी उभ्या होत्या, झोताने मागे फेकल्या गेल्या. धोक्याची पाटी तिथे मोठ्या अक्षरात लावलेली आहे. लेकराला अशा ठिकाणी कशाला न्यायचं? विमानाची हौस असेल तर सांबऱ्याहून बंगळूरचं तिकीट काढा आणि खिडकीपाशी बसवा.

खानापूरकर

मी गेलोय. एकदा नाही, सहा-सात वेळा.

मी क्रूझ जहाजावर हाउसकीपिंगला आहे. आमच्या खानापूर-नंदगड भागातली बरीच पोरं जहाजावर आहेत, गोव्याची तर आहेतच. आमचं जहाज सकाळी सिंट मार्टेनच्या फिलिप्सबर्ग बंदराला लागतं आणि संध्याकाळी सुटतं. खोल्या आवरून झाल्या की तीनेक तास हातात. पाचजण मिळून व्हॅन करायची. अंतर फार नाही, खरं वाटेत सिम्प्सन बे म्हणून भाग आहे, तिथला पूल होड्यांसाठी उचलला जातो. पूल वर गेला की सगळी वाहनं थांबून. आमचा एकदा सगळा वेळ तिथेच गेला आणि माहोला न पोचताच परत फिरावं लागलं.

२०१४ ला पहिल्यांदा गेलो तेव्हा केएलएम या डच कंपनीचं ७४७, म्हणजे बोइंगचं जंबो विमान, अजून यायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते बंद झालं. बीचवरच्या बारमध्ये एक सर्फबोर्ड उभा करून त्यावर खडूने विमानांच्या वेळा लिहिलेल्या असतात, त्यावर अ‍ॅमस्टरडॅमची वेळ बघितली आणि वाळूत जाऊन बसलो.

आधी समुद्रावर लांब एक ठिपका दिसतो. तो हलतच नाही असं वाटतं, नुसता मोठा होत जातो. आवाज जवळजवळ नाहीच. मग एकदम सगळी माणसं उठून उभी राहतात. आधी सावली येते. पाण्यावरून सरकत येऊन वाळूवर चढते आणि क्षणभर ऊन जातं. त्याच वेळी डोक्यावर ते पोट. पंखांची रुंदी ६४ मीटर, बीचच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पंखच. टायरवरच्या रेघा दिसल्या मला. पोटावर तेलाचा ओघळ वाळून तपकिरी झालेला दिसला. मागून रॉकेलसारखा वास आला आणि तोंडात वाळू. बाजूला एक म्हातारे गृहस्थ होते, कुठल्या देशाचे कोण जाणे. ते रडत होते. मला त्याचं नवल वाटलं नाही.

आता शहापूरच्या ताईंच्या मुद्द्याबद्दल. ताई, तुमचं बरोबर आहे. दुसऱ्या खेपेला मी ते कुंपण धरलं होतं. एक जेट सुटायला उभं राहिलं, मित्र म्हणाले चल, मी गेलो. पायलटने ताकद वाढवली तशी आधी गरम हवा आली, मग चड्डी-शर्ट फडफडायला लागले, मग डोळे उघडेचनात. हात सुटले नाहीत हे नशीब. उजव्या डोळ्यात वाळू गेली ती अशी की जहाजावरच्या डॉक्टरांनी धुऊन पट्टी बांधली, दोन दिवस एका डोळ्याने खोल्या झाडल्या. तेव्हापासून माझा एकच नियम आहे : येणाऱ्या विमानाच्या खाली उभं राहायचं, जाणाऱ्या विमानाच्या मागे कधी नाही.

गोवावेस

खानापूरकर, तुम्ही लिहीत जा हो. नुसतं वाचून डोळ्यात वाळू गेली.

सांबरेकर, जवळचं म्हणाल तर गोवा. डाबोळी विमानतळाजवळ बोगमाळोचा किनारा आहे. माहोसारखं डोक्याला लागेल असं काही नाही, खरं विमानं चांगली मोठी दिसतात आणि ते नौदलाचं विमानतळ असल्याने नौदलाची विमानंही दिसून जातात. सकाळी लवकर निघायचं, जांबोटीला चहा, चोर्ला घाटाने खाली.

मांडे_आणि_तूप

चोर्ल्याने पावसाळ्यानंतरच जा. आणि जांबोटीला नुसता चहा कसला पिता, खवा घ्या. आमच्या घरी कुंदा करायला तिथलाच खवा येतो.

गोवावेस

खवा परतीच्या वाटेवर. जाताना घेतला तर गोव्यापर्यंत उरत नाही हा आमच्या गाडीचा अनुभव.

निवृत्त_फिटर

खानापूरकरांनी नियम सांगितला, त्यामागचं कारण मी सांगतो. हवाई दलात आयुष्य गेलं आणि नोकरीची सुरुवात सांबऱ्यातच झाली. हा तळ ब्रिटिशांच्या हवाई दलाने दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली बांधला. गंमत बघा, सिंट मार्टेनचं विमानतळही त्याच युद्धातलं, १९४३ चं. पुढच्याच वर्षी नेदरलँड्सच्या राजकन्या युलियाना तिथे उतरल्या आणि नाव त्यांचं पडलं.

विमान उतरताना साधारण ३ अंशाच्या उतारावरून येतं. म्हणजे जिथे चाकं टेकणार तिथून १ किलोमीटर अलीकडे ते ५२ मीटर उंच असतं, २ किलोमीटर अलीकडे १०५ च्या आसपास. चाकं टेकतात ती जागा धावपट्टीच्या तोंडापासून सुमारे ३०० मीटर आत. म्हणजे तोंडावर उंची उरली १५-१६ मीटर. एरवी धावपट्टीच्या तोंडासमोर मोकळी जमीन सोडलेली असते, कुंपण लांब असतं, त्यामुळे आपण तिथे उभेच राहू शकत नाही. माहोला ती जमीनच नाही. तोंडाला लागून रस्ता, रस्त्याला लागून वाळू. म्हणून नारळाच्या उंच झाडाएवढ्या उंचीवर विमान दिसतं. पायलट काही मुद्दाम खालून आणत नाही, आपणच त्याच्या वाटेत जाऊन उभे असतो.

उतरताना इंजिनाची ताकद कमी ठेवलेली असते, म्हणून लांबून आवाज आला नाही असं खानापूरकर म्हणाले. सुटताना उलटं. त्या बेटावर धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाच्या पुढे डोंगर आहेत. विमानाला लवकर वर चढून वळावं लागतं. त्यामुळे पायलट अगदी सुरुवातीच्या टोकापासून, म्हणजे बीचकडे शेपूट करून, ब्रेक धरून पूर्ण ताकद लावतो आणि मग सोडतो. तो सगळा झोत कुंपणावर आणि बीचवर. तिथे वाळूत झाडझुडूप फारसं टिकत नाही त्याला हा झोतही कारण आहे. झाड टिकत नाही तिथे माणूस कसा टिकणार? शहापूरच्या बाईंना माझा पूर्ण पाठिंबा.

चिंच_गूळ

काका, एक शंका. विमानं नेहमी समुद्राकडूनच येतात काय? डोंगराकडून का येत नाहीत?

निवृत्त_फिटर

वारा. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं आणि वाऱ्याला तोंड देऊनच सुटतं. शाळेत भूगोलात व्यापारी वारे शिकलो ना आपण? ते त्या भागात पूर्वेकडून वाहतात, जवळपास वर्षभर. बीच पश्चिमेला. म्हणून बहुतेक दिवस विमान पश्चिमेकडून, बीचवरूनच येतं. तिथल्या धावपट्टीच्या त्या टोकाचा आकडा १०. म्हणजे होकायंत्रात साधारण १०० अंशाची दिशा, शेवटचं शून्य काढून टाकायचं.

सांबऱ्याची धावपट्टी ०८ आणि २६. म्हणजे ८० अंश आणि २६० अंश. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, तेव्हा विमान पूर्वेकडून येऊन २६ वर उतरतं आणि सुटताना शहराकडे तोंड. हिवाळ्यात पूर्वेचा वारा असेल तर शहराकडून येऊन ०८ वर. धागाकर्त्याने नावापुढे ०८ का लावलंय ते माझ्या केव्हाच लक्षात आलं.

सांबरेकर_०८

काका, ओळखलंत! आमचं शेत ०८ च्याच बाजूला.

तिलकवाडी_तिसरं_गेट

माहोला नाही, खरं थायलंडमधल्या फुकेतला गेले आहे. तिथे माई खाओ म्हणून बीच आहे, विमानतळाच्या धावपट्टीच्या टोकाला. आम्ही जानेवारीत गेलो होतो आणि विमानं समुद्राकडून डोक्यावरून येत होती. माझी नणंद मे महिन्यात गेली तर तिला नुसती सुटणारी दिसली, तीही बऱ्यापैकी उंचावरून. आम्ही दोघी इतके दिवस भांडत होतो की कोण खरं बोलतंय. काकांचं वाऱ्याचं वाचून आज उलगडा झाला. तिथेही मे-जूनपासून नैर्ऋत्येचा वारा सुरू होतो. आता तिला हा धागा पाठवते.

एक मात्र सांगते. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. पहिलं विमान आलं आणि तो इतका घाबरला की माझ्या मानेला मिठी मारली ती हॉटेलवर येईपर्यंत सोडली नाही. सातवीतल्या मुलीला मजा येईल, खरं अगदी लहान लेकरं नेऊ नका. कानाला लावायचे ते जाड हेडफोनसारखे मिळतात, ते घ्याच.

निपाणीकर

विषय थोडा बदलतो, माफी असावी. सिंट मार्टेन बेटाबद्दल एक गोष्ट मला विमानापेक्षा जास्त भावते. बेट सगळं मिळून ८७ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या मानाने काहीच नाही. त्यात उत्तरेचा भाग फ्रान्सकडे, दक्षिणेचा डच. हा करार १६४८ सालचा. आणि मधल्या सीमेवर चौकी नाही. रस्त्याकडेला एक दगडी खूण आणि फलक, झालं.

मी रोज निपाणीहून कागलला कामाला जातो. कोरोनाच्या वेळी कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर कोगनोळीला नाका लागला तेव्हा माझी आई इकडे आणि बहिणीचं बाळंतपण तिकडे. पाच किलोमीटरसाठी कागद घेऊन फिरलो. त्यामुळे दोन देशांची माणसं रोज भाजी आणायला सीमा ओलांडतात आणि कुणी विचारत नाही, हे वाचलं की आत काहीतरी हलतं. खानापूरकर, ते खरंच तसं आहे काय?

खानापूरकर

अगदी तसंच. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला सीमा गेलेली कळलीच नाही. पाट्या फ्रेंचमध्ये दिसायला लागल्या तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, मघाशीच ओलांडली. फ्रेंच बाजूला त्यांचं वेगळं छोटं विमानतळही आहे, ग्रँ काझला. ड्रायव्हर एका वाक्यात तीन भाषा बोलायचा. मला आमचा खानापूरचा बाजार आठवला. भाव कानडीत, घासाघीस मराठीत आणि हिशेब कोकणीत.

मांडे_आणि_तूप

हिशेब कोकणीत :) खरं आहे, माझ्या आजीचा तसाच असायचा.

शहापूरची_सून

खानापूरकर, तुम्ही डोळ्याचं प्रांजळपणे लिहिलंत ते बरं वाटलं. फिटर काकांनी येणारं आणि जाणारं यातला फरक सांगितला तोही पटला. माझा विरोध कुंपणाला होता, बघण्याला नाही. वाळूत मागे, बाजूला बसून येणारी विमानं बघायची आणि एखादं सुटायला वळलं की उठून लांब जायचं, असं असेल तर लेकराला न्यायला हरकत नाही. विसा, खर्च वगैरे तुमचं तुम्ही बघा.

गोवावेस

भारतात म्हणाल तर लक्षद्वीपचं अगत्ती आहे. निमुळतं बेट, दोन्ही बाजूंना निळं पाणी आणि मध्ये जेमतेम १,२०० मीटरची धावपट्टी. कोचीहून छोटी पंख्याची विमानं जातात. परवाना काढावा लागतो.

सांबरेकर_०८

मंडळी, आठवडाभर सगळं वाचत होतो. लेकीलाही वाचून दाखवलं. तिने फिटर काकांचे आकडे वहीत उतरवून घेतले आणि म्हणाली, "आधी आपल्या शेतातून करून बघूया."

काल रविवारी गेलो. मामा आता नाही, मामी आहे, वय झालंय. भात निघालंय आणि रानात मसूर हिरवी दिसते आहे. हद्दीच्या जवळ गेलो नाही आणि त्या बाजूला कॅमेराही धरला नाही. हवाई दलाचा तळ आहे, तिथे फोटो काढायचे नसतात, ते लेकीला आधीच सांगितलं होतं. बांधावर उभं राहून तिने चिमूटभर वाळलेलं गवत वर उडवलं. गवत शहराकडे गेलं. म्हणजे वारा पूर्वेचा. ती म्हणाली, "बाबा, ०८. आपल्यावरूनच येणार."

अर्धा तास काही नाही. मामी खाटेवर बसून शेंगा सोलत होती. मग तिनेच मान वर केली. आम्हाला दोघांनाही ऐकू आलं नव्हतं. आणि शहराच्या बाजूने ते आलं, दोन जेट इंजिनांचं लहान विमान, चाकं काढलेली. लेकीने आधीच नकाशावर अंतर मोजून ठेवलं होतं, चाकं टेकायच्या जागेपासून आमचा बांध दीड किलोमीटरच्या जरा आत. तिच्या हिशेबाने ७५ मीटर. माहोच्या मानाने चौपट उंच. तरी पोटावरचा दिवा लुकलुकताना दिसला, चाकं जोडीजोडीने मोजता आली. सावली आमच्यावरून गेली नाही, बाजूच्या उसातून गेली. उसाच्या शेंड्यांवरून ती कशी धावत गेली ते मी लहानपणी कधी बघितलं नव्हतं, कारण तेव्हा नजर वरच असायची.

मामी म्हणाली, "पूर्वीची लै ओरडायची. ही शहाणी झाल्यात." आता बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे. लेकीने विचारलं, सर्जा कुठे उभा राहायचा? मामीने खाटेवरूनच बोट करून जागा दाखवली. ती तिथे जाऊन उभी राहिली आणि पुढचं विमान येईपर्यंत हलली नाही.

माहोचं म्हणाल तर आता नाही. दहावी झाली की बघू असं ठरलंय, आणि तोवर मी पैसे बाजूला टाकणार आहे. येत्या मे महिन्याच्या आत बोगमाळो. तिच्या वहीत एक प्रश्न शिल्लक आहे, तो काकांना विचारते आहे : सांबऱ्याची धावपट्टी २,३०० मीटर आणि सिंट मार्टेनचीही २,३००. मग ७४७ सांबऱ्याला का येत नाही?

निवृत्त_फिटर

शाब्बास! हा आकडा किती जणांच्या लक्षात आला असेल?

बाळ, लांबी ही एकच गोष्ट. तेवढं वजन पेलेल अशी जाड आणि मजबूत धावपट्टी लागते, आणि ते वजन वळवून उभं करायच्या जागेलाही तीच जाडी लागते. विमान जितकं मोठं तितका अग्निशमनाचा बंदोबस्त मोठा. आणि मुख्य म्हणजे तीन-चारशे माणसं एकदम भरायला हवीत. सिंट मार्टेनला ती युरोपातून सुट्टीला यायची. लांबून येताना बरंचसं इंधन जळून गेलेलं, म्हणून विमान हलकं होऊन उतरायचं. पुढच्या वेळी उसातल्या सावलीचा वेग मोजून बघ. शेताची लांबी माहीत असली आणि हातात घड्याळ असलं की जमतं.

चिंच_गूळ

मुतग्याहून आम्ही दोघं भाऊ येऊ काय पुढच्या रविवारी? घड्याळ आणि मोजायचा टेप आणतो.

सांबरेकर_०८

या की. मामीला सांगून ठेवतो, शेंगा उकडून ठेवेल. वारा बदलला तर मात्र विमान उलट्या बाजूने जाईल, सकाळी गवत उडवून फोन करतो.

खानापूरकर

मी पुढच्या महिन्यात परत जहाजावर चढतोय. फिलिप्सबर्ग वेळापत्रकात आहे. लेकीला विचारून सांगा, माहोला तिच्यासाठी काय काय टिपून आणू.

सांबरेकर_०८

विचारलं. तिने चार गोष्टी लिहून दिल्या : वाऱ्याची दिशा, सर्फबोर्डवर लिहिलेली वेळ आणि विमान खरं आलं ती वेळ, सावली आधी येते की आवाज, आणि कुंपण धरायचं नाही.